सासऱ्याचं ताट

"हात लावशील तर मनगट मोडून ठेवीन!" इग्नासिया ओरडली.

तोवर तिच्या सुनेनं, रोसेन्दानं, ताट उचललंही होतं. खिडकीजवळच्या फळीवर मृतांसाठी वाढलेलं ताट. नारळाच्या दुधात शिजवलेला गोड, मऊ भात आणि वर सोललेलं उकडलेलं अंडं. सासऱ्याला शेवटी दात उरले नव्हते. शेजारी उसाच्या दारूचा पेला मात्र कधी दिसत नसे. म्हातारी चिक्कू झाली असेल.

फिलिपिन्सच्या उत्तरेला, इलोकोसकडे, अशी ताटं सणावारी घरोघरी वाढतात. इग्नासिया मात्र नवरा गेला त्या वर्षापासून रोज वाढायची, फळीसमोर उभी राहून काहीबाही पुटपुटायची. ज्यानं जन्मभर पिऊन बायकोला बडवलं, त्याला मेल्यावर रोज गरम भात! रोसेन्दाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

दारात पिवळ्या टी-शर्टातली माणसं उभी होती. परदेशातल्या एका चर्चची ही मंडळी दोन आठवड्यांसाठी मिशनवर आली होती. उद्या नदीत रोसेन्दाचा नवा बाप्तिस्मा होता. पण मेलेल्यांना जेवू घालणं आधी बंद व्हायला हवं, आणि ताट तिनं स्वतःच्या हातानं टाकायला हवं, ही त्यांची अट होती.

त्यांच्यातल्या ब्रेंडाच्या शब्दाखातर रोसेन्दा असली दहा ताटं भिरकावायला तयार होती. सासरा गेला त्याच वर्षी तिचं मूल जन्मताच दगावलं. नवरा तेव्हा दूर जहाजावर. इस्पितळातून परतल्यावर तिनं सासूला बजावलं होतं, "बाळाचा विषय या घरात काढायचा नाही." सासूनं खरंच काढला नाही. डोळ्यांतून टिपूसही काढलं नाही. दगडाला पाझर फुटेल, पण हिला नाही. परवा मंडळींसोबत फिरणाऱ्या इथल्याच पास्टर एल्मरनं ते सगळं भाषांतर करून सांगितलं, तर ब्रेंडा, ती परकी बाई, रोसेन्दाचा हात धरून हमसून हमसून रडली होती.

"जन्मल्यावर एकदा पाणी पडलंय ना तुझ्या डोक्यावर?" इग्नासियानं वाट अडवली. "तेवढ्यानं मळ निघाला नाही वाटतं?"

"निघाला होता. तुमच्या जिभेखाली राहून पुन्हा साचला. बाजूला व्हा, आई."

"नाही होत!"

रोसेन्दानं तिला खांद्यानं ढकललं आणि भात खिडकीबाहेर फेकला. खाली कोंबड्या धावल्या. पिवळ्या टी-शर्टांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "हालेलुया!" म्हणत ब्रेंडानं तिला मिठी मारली. इतक्या वर्षांत रोसेन्दाला प्रथमच जिंकल्यासारखं वाटलं.

इग्नासिया शिव्या देईल, छाती बडवेल, असं तिला वाटलं होतं. म्हातारी मात्र उंच खांबांवरच्या घराची शिडी उतरून अंगणात गेली, कोंबड्या हाकलल्या आणि चिखलात बसून शितं वेचू लागली.

रोसेन्दा खिडकीतून वाकली. "वेचा, वेचा! मेला तरी त्या दारुड्याची भूक भागत नाही वाटतं!"

"त्याची?" म्हातारीनं मान वर केली नाही. "तो गेल्यापासून त्याला पाण्याचा थेंब नाही दिला मी. हे तुझ्या लेकराचं. तू शुद्धीवर नव्हतीस, मीच पुरलं त्याला. फादर म्हणाले, बाप्तिस्म्याचं पाणी पडायच्या आधीच गेलं, त्याला नाव नाही. मग मीच ठेवलं. बिननावाच्या पोराला जेवायला हाक कशी मारायची?"

रोसेन्दा खिडकीतून आणखी खाली वाकली. मागे टाळ्या चालूच होत्या.

"काय... काय नाव ठेवलंत, आई?"

म्हातारीनं शितं ओच्यात घेतली आणि उठली.

"तुला कशाला हवंय? जा, तुझी माणसं टाळ्या वाजवताहेत."