आवाजी मतदान

साथीमुळे आमदारबाईंचं सभागृह आता जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये भरायचं. गोंगाट नको म्हणून सगळ्यांचे माइक अध्यक्षांनी आपल्याच हातात ठेवले होते. आज मतदान होतं ते या कायद्यावर: नुसता आजाराचा संशय आला, तरी कुणालाही घरातून उचलून विलगीकरणात ठेवता येईल.

"विरोध असेल त्यांनी 'नाही' म्हणा," अध्यक्ष म्हणाले.

"नाही!" बाई घसा फोडून ओरडल्या. आतून सासूबाई धावत आल्या, समोरचे शेजारी खिडकीत आले. माइक मात्र बंदच.

"कुणाचाच आवाज नाही. कायदा मंजूर!" अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि पडद्याकडे निरखून पाहिलं.



"अहो ताई, चेहरा केवढा लाल झालाय तुमचा! ताप दिसतोय. घाबरू नका, गाडी पाठवलीय."