अकरा डब्या

अकराच्या अकरा डब्यांत एकही जंतू सापडला नाही, असं मृणालिनीने सांगितलं तेव्हा नंदा स्टोव्हला पिन मारत होती.

"मग बरंच झालं की," ती म्हणाली आणि पिन मारतच राहिली.

मृणालिनी उंबऱ्यावर बसली. विक्रोळीच्या या चाळीत ती कायम उंबऱ्यावरच बसायची, वाऱ्याला. गॅलरीतून जाता जाता शेजारच्या खंडूने नेहमीसारखं विचारलं, थुंकीवाल्या बाई, आज कुणाची नेताय? ती हसली नाही.

चाळीला ती आवडायची आणि नाहीही. चोवीस वर्षांची पोर, क्षयाच्या पाहणीसाठी मुलुंडहून बसने यायची. कारखान्यातल्या माणसांच्या छातीत काय चाललंय ते एकदा कागदावर आलं, की मालकाला औषधं आणि पगारी रजा द्यावीच लागेल, असं तावातावाने सांगायची. पण चहा पुढे केला की झोळीतून स्वतःचं फुलपात्र काढायची. नंदाची तान्ही रांगत आली की पाय आखडून घ्यायची. हक्काच्या गोष्टी करते नि आमचा कप चालत नाही, असं बायका पाठीमागे म्हणत. एकदा तोंडावरही म्हणाल्या. तिने फुलपात्र तेवढं झोळीत ठेवलं होतं.

पडद्याआड दत्ताराम, नंदाचा नवरा, खोकायला लागला. 

तो थांबल्यावर मृणालिनीने ऑफिसातलं सगळं सांगितलं, यादी वाचावी तशा आवाजात. छातीचे फोटो काढणारी गाडी बंद पडलेली, त्यामुळे सगळी भिस्त थुंकीच्या डब्यांवर. एका डबीत जरी जंतू निघाला असता तरी काम पुढे चाललं असतं. आता साहेब म्हणतात, चाळ ठणठणीत आहे, फाइल बंद करा.

"ती थुंकी दत्तारामभाऊंची नव्हती," मृणालिनी म्हणाली.

नंदाने स्टोव्ह पेटवला. पातेलं ठेवलं.

"कुणाचीच नव्हती," नंदा म्हणाली. "अकराही माझ्या."

का, ते विचारायची गरज नव्हती. छातीचा रोग निघाला की त्याच दिवशी हजेरीकार्ड काढून घेतात, हे दोघींना ठाऊक होतं. नावं कारखान्यापर्यंत जाणार नाहीत, असं मृणालिनीने दारोदार जाऊन सांगितलं होतं. चाळीने ते ऐकून घेतलं, मान डोलावली आणि डब्या गुपचूप नंदाकडे पोचवल्या. सगळ्या मजल्यावर धडधाकट मी एकटीच ना, नंदा म्हणाली.

"लिहून घ्या हवं तर. मी नाकारणार नाही. फक्त ह्यांचं नाव घालू नका."

मृणालिनीने वही उघडलीच नाही.

"एकाच सकाळी भरल्या?"

"छे. चार दिवस तुम्ही फेऱ्या मारत होता ना, तशा चार सकाळी. एवढा कफ येतो का माणसाला?"

"आधी चूळ भरून?"

"तुम्हीच शिकवलेलं. चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा, मग खोकायचं. तस्संच केलं."

"आणि कुणाला संशय आला नाही."

"तुम्हाला आला नाही," नंदा म्हणाली, "मग दुसऱ्या कुणाला येणार?"

 मृणालिनीने झोळीतून एक कोरी डबी काढली. तिच्यावर चिठ्ठी डकवलेली होती.

नंदाने हात मागे घेतला. पाया पडते, पण त्यांची खरी थुंकी मागू नका, ती म्हणाली. घरात दुसरं कमावणारं कोण आहे?

"त्यांची नको," मृणालिनी म्हणाली. "तुमचीच द्या. सोमवारी सकाळी मी न्यायला येईन."

नंदा चौथीपर्यंत शिकलेली. डबी दाराच्या उजेडात धरून तिने एकेक अक्षर लावत चिठ्ठी वाचली: मृणालिनी रामचंद्र वैती, वय चोवीस, नोकरीत कायम करण्यापूर्वीची तपासणी.