कोपऱ्यातली जागा

"हे काय विंग्रजी लिवलंय?" आबांनी विचारलं.

जुन्नरच्या सायबर कॅफेत कपिलने आपल्या विद्यापीठासाठी बनवलेली नवी वेबसाइट वडिलांना कौतुकाने उघडून दाखवली होती. मराठी शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं. कपिलला दरदरून घाम फुटला. मराठी फॉन्ट त्याने स्वतः बनवला होता आणि तो फक्त त्याच्या विभागातल्या कॉम्प्युटरांवर होता. तिथे सगळं झकास दिसायचं. बाहेर कुठे उघडून बघावं, हे या शहाण्याला सुचलंच नव्हतं.

अकरा वाजता कुलगुरू सभागृहात, बाहेरून आणलेल्या कॉम्प्युटरवर, उद्घाटन करणार होते. दहा वाजून गेले होते. हंगामी नोकरीवरच्या कपिलला कायम करायचं की नाही, तेही आजच ठरणार होतं. आणि हा पठ्ठ्या बहिणीला बघायला पाहुणे येणार म्हणून घरी आलेला!

"आबा, पहिल्या पानावरचे शब्द कागदावर लिहून द्या. फोटो करून चढवतो. फोटो कुठंबी दिसतो."

आबा म्हणजे चांगदेव पेंटर. एके काळी पेठेतल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. छापील फ्लेक्स आले आणि वर्षभर त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कॅफेवाल्या भगवंतने मार्कर पुढे केला. आबांनी त्याकडे बघितलंही नाही.

"ह्यानं अक्षार मरतं. ब्रश आनतो."

गेले ते वीस मिनिटांनी आले. तोवर कपिलने दारात येरझाऱ्या घालून घेतल्या. आबा शांतपणे पट्टीने रेघा आखू लागले.

"रेघा कशाला, आबा? टाइम न्हाई!"

"रेघंबिगर अक्षार उभं ऱ्हात न्हाई."

प्रवेश. परीक्षा. निकाल. 'क'चं पोट कसं गोल, भरीव उतरलं! कपिलच्या फॉन्टमधला 'क' अगदी असाच होता. असणारच. सुट्टीत आबांच्या पेठेतल्या पाट्यांचे फोटो काढून त्याने तो गिरवला होता. विभागात सगळे त्याच्या कलेचं कौतुक करायचे आणि तो करू द्यायचा.

शेवटचा शब्द झाला. आबांचा हात सवयीने उजव्या कोपऱ्याकडे गेला. प्रत्येक पाटीवर तिथे त्यांचं नाव असायचं. नाव टाकलं की काम संपलं, मग लगेच ब्रश धुवायचा, अशी त्यांची शिस्त.

"नाव नको, आबा! विद्यापीठाचं काम हाय."

हात थांबला. "बरं," आबा म्हणाले.

भगवंतने कागद स्कॅन केला. फोटो मुंगीच्या पावलांनी चढू लागला. मधे एकदा इंटरनेट तुटलं, तेव्हा कपिलने डोळेच मिटून घेतले. अकराला तीन मिनिटं कमी असताना सगळे शब्द पडद्यावर आले. तो खुर्चीत मागे रेलला.

सव्वाअकराला विभागप्रमुखांचा फोन आला. "कपिल, सगळ्यांना आवडलं बरं का! कुलगुरू विचारतायत, इतकं सुंदर अक्षर कुणाचं. तुझंच, असं सांगतो."

कपिलने वळून बघितलं. आबा पाण्याच्या माठाशेजारी कधीचे उभे होते. हातातला ब्रश अजून धुतलेला नव्हता.

"वडिलांचं आहे, सर," कपिल म्हणाला आणि कागद परत आबांच्या पुढे सरकवला. "नाव टाकायचं राहिलंय. आत्ता चढवतो."