समासातलं ‘कोणी?’

तिच्या अर्जाच्या समासात पेन्सिलीने सात ठिकाणी एकच शब्द लिहिलेला होता. कोणी?

लिहिणाऱ्या बाईंना जाऊन तीन आठवडे झाले होते.

‘आम्ही तीन हजार वाणांचा बियाणेसंग्रह उभा केला.’ शेजारी: कोणी? ‘आम्ही डोंगरातल्या वस्त्यांतून वाण जमवले.’ कोणी? हा मसुदा परत देताना बाई पेन्सिल टेबलावर टक टक आपटत म्हणाल्या होत्या, “अगं, किती दिवस विभागाची री ओढशील? डोंगर चढताना तुझ्या पायाला फोड आले की विभागाच्या?”

त्यांच्या समाजातून या विद्यापीठात शिकवायला पोचलेल्या दोघीच. आधी बाई, मग ती. आता ती एकटी.

बढतीचा अर्ज पाचच्या आत पोचायला हवा होता. विभागप्रमुख खोलीत डोकावले. उभ्याउभ्याच त्यांनी पानं चाळली.

“मॅडम, ‘आम्ही’च राहू द्या हो. ‘मी, मी’ शोभत नाही. तुमच्या बाई बघा. उभ्या आयुष्यात मीपणा नाही केला. देवमाणूस!”

ते गेले. तिने सहीसाठी पेन उघडलं.

टक, टक.

तिच्या अंगावर काटा आला. मग दिसलं, खिडकीची कडी वाऱ्याने आपटत होती. उठून तिने खिडकी घट्ट लावून घेतली.

शिपाईकाका किल्ली घेऊन आले. “ताई, बाईंचं कपाट आजच रिकामं करा, म्हणाले साहेब. आणि अर्ज द्या तुमचा, मीच नेतो. तिथला कारकून पाचाला असा गुप्त होतो, की देवालासुद्धा सापडायचा नाही.”

“पाचच मिनिटं, काका.”

किल्ली घेऊन तिने कोपऱ्यातलं कपाट उघडलं. खालच्या फळीवर, बाईंच्या चपलांच्या मागे, एक फाईल होती. बाईंचाच बढतीचा अर्ज, बावीस वर्षांपूर्वीचा. ‘विभागाची पहिली प्रयोगशाळा आम्ही उभी केली.’ पानोपानी आम्ही. समास मात्र कोरे. शेवटच्या पानावर शिक्का आणि एक ओळ: ‘अर्जदाराचे स्वतंत्र कार्य दिसून येत नाही. अमान्य.’

बाई शेवटपर्यंत अधिव्याख्यात्याच राहिल्या. का, असं विचारलं की नुसत्या हसायच्या.

टक, टक.

खिडकी तर बंद होती.

ती संगणकापुढे बसली. कुणाच्या तरी घरात चोरपावलांनी शिरावं तशी ती एकेक अक्षर दाबत गेली. सात ठिकाणचं ‘आम्ही’ गेलं, ‘मी’ आलं. वाक्यांत बाकी काहीच बदलावं लागलं नाही. छापून आलेल्या कोमट पानांवर तिने सही ठोकली आणि शिपाईकाका अर्ज घेऊन जिना उतरत धावले.

खोलीत ती एकटी उरली. की नाही, कोण जाणे.

कपाटातली बाईंची बोटभर उरलेली पेन्सिल तिने उचलली. जुन्या अर्जातल्या पहिल्या ‘आम्ही’शेजारी, बावीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या समासात, सावकाश लिहिलं: कोणी?

टकटक थांबली.

ती वाट बघत राहिली. मग त्याच्याखाली तिनेच उत्तर लिहिलं.

बाईंनी.