दारावरचा नेम

सिंगापूरमधल्या बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये प्रबोधने नेमबाजीचा आखाडा थाटला. रबरी टोकाचे बाण सोडणारी खेळण्यातली बंदूक, आणि मुख्य दाराला आतून चिकटवलेला लाल ठिपका. हेडफोनवर कीर्तन रंगलं की त्याची अशी ब्रह्मानंदी टाळी लागे, की त्या ठिपक्याशिवाय जगात काही उरतच नसे.

एका शुक्रवारी शेजारच्या टॅन आँटींनी बेल बडवली. प्रबोधची बायको गार्गी दार उघडायला धावली.

"रोज टप टप टप! आज कम्प्लेंट करते, लाह! तुमचा खेळ बंद!"

भांडायला आली असली, तरी शुक्रवारी दारात आलेली सवाष्ण. गार्गीने "आँटी, आधी कुंकू," म्हणत त्यांच्या कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं आणि ती बाजूला झाली.

टप्!

बाण कपाळाला चिकटून डुलत राहिला. गार्गीने डोळेच मिटले. प्रबोध हेडफोन भिरकावून धावला. "सॉरी आँटी, सॉरी! आजपासून बंद!"

आँटींनी बाण उपटला आणि त्याच्या हातातली बंदूक काढून घेतली.

"बंद कशाला? आता माझी टर्न, लाह! गार्गी, ह्यालाही लाव. आणि मोठ्ठं लाव हं, चष्मा घरी राहिलाय माझा."