नवी कातडी

लाकडी खेळणी कोरणाऱ्या दत्ताराम चिताऱ्यांनी डॉक्टरीणबाईंपुढे अंगठा धरला. पटाशी लागली होती तिथे नवी कातडी आली होती. चार महिने कॅन्सरच्या औषधाने त्यांच्या पेशींमधलं रायबोसोम बनवणं रोखलं होतं. रायबोसोमशिवाय पेशीत प्रथिनं तयार होत नाहीत, म्हणून साधा ओरखडाही भरत नव्हता. आता औषध थांबून महिना झाला होता.

"शरीर पुन्हा कामाला लागलं," बाई म्हणाल्या.

"मग कॅन्सरची गाठही कामाला लागली असेल?" दत्तारामांनी भीत भीत विचारलं.

"नाही. चांगल्या पेशींनी कळ काढली. गाठीला वाढायची घाई, प्रथिनांवाचून तिला दम निघाला नाही आणि ती मेली. कालच्या स्कॅनमध्ये ती कुठेच नाही."

बाहेर बसलेल्या बायकोला सांगायला दत्ताराम उठले. तिच्यासमोर जाऊन ते हसत उभे राहिले, आणि तिला कळलं.