कोपरा नसलेलं कुंपण

कॅल्क्युलसच्या पेपरात सेतुन्याबाईंचं नेहमीचंच गणित होतं: शंभर मीटर तारेत गुरांसाठी जास्तीत जास्त मोठं आयताकृती कुंपण घाला. बाकीच्यांनी चौरस काढला. मोथुसीनं वर्तुळ काढलं आणि शून्य घेतलं. पेपर धरून तो बाईंच्या टेबलापाशी आला. “नापास झालो तर मामा परत कालाहारीत गुरांमागे धाडेल, म्मा.” “मग प्रश्न वाचायचास ना, शहाण्या! आयत कुठाय?” “गुरं म्हटलं की हात गोलच फिरतो. कोपरा ठेवला तर दुबळं वासरू त्यात अडकतं, मोठी गुरं शिंगं खुपसतात. चौकोनी कुंपण तुमच्याकडे तरी घालतात का?” बाईंना वडिलांचं काटेरी गोल कुंपण आठवलं आणि हसू फुटलं. त्यांनी वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं. चौरसापेक्षा बरंच जास्त भरलं. शून्य न खोडता त्यांनी त्याच्या डावीकडे फाटकाच्या खांबासारखी उभी रेघ ओढली. “दहापैकी दहा. पळ!”